सौम्याच्या मापाची बंदूक

वडगाव, बेळगाव
३ ऑगस्ट

चि. सौरव,

आशीर्वाद आहेतच. ते काही माझ्या रागावर अवलंबून नाहीत.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर मी तोंड उघडलं की तू ‘आई, मीटिंग आहे’ म्हणून ठेवतोस. पत्र तसं मधेच ठेवता येत नाही. आणि होसूरच्या कंपनीच्या खोलीत तू एकटाच असतोस, म्हणजे वाचायला सवड असणार.

मुद्द्याचं आधी सांगते. तुझ्या बायकोनं नवीन बंदूक घेतली.

आता तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, त्या मला इथून दिसतात. जूनमध्ये तू तिला म्हणालास, शाळेतली नोकरी सोड आणि माझ्याबरोबर चल. ती म्हणाली, ऑक्टोबरात राज्याची निवड चाचणी आहे, ती झाली की येते. तू म्हणालास, बंदूक पाहिजे का नवरा ते दिवाळीपर्यंत ठरव, नाहीतर वकील बघू. एवढं बोलून तू बॅग उचललीस. मी आत चहा गाळत होते, तो तसाच राहिला. त्यानंतर तू तिला फोन केला नाहीस आणि तिनं तुला केला नाही. दोघंही एकाच गिरणीतून दळून आल्यासारखी.

ती कॉलेजात एनसीसीतून नेमबाजी करायची हे तुला लग्नाआधी माहीत नव्हतं का? निपाणीला तिला बघायला गेलो तेव्हा भिंतीवरची मेडल्स तूच मला बोट दाखवून दाखवलीस. तेव्हा कौतुक होतं. तीच मेडल्स आता डोळ्यात खुपायला लागली. असो.

बंदूक म्हणजे माणसं मारायची नव्हे. शेजारच्या बायाक्कानं गल्लीत तसं उठवलं आहे आणि तुझ्यापर्यंत ते आलंच असेल. ही हवेवर चालते. दहा मीटरवर कागद लावायचा, त्यावर काळं वर्तुळ, आणि त्याच्या मधोमध मोहरीएवढ्या ठिपक्यावर छर्रा मारायचा, उभ्यानं. इतके दिवस ती भावकू सरांच्या क्लबची बंदूक वापरायची. भावकू सर म्हणजे मिलिटरीतून रिटायर झालेले, तिचे कोच. माणूस सहा फुटी आणि बंदूकही त्यांच्याच मापाची. आपली सौम्या पाच फूट, तेही टाचा उचलून. ती बंदूक खांद्याला लावली की तिला बगळ्यासारखी मान पुढं काढावी लागायची. घरी येऊन मानेला शेक घ्यायची, पण बंदुकीला कधी नाव ठेवलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारी पोरगी नव्हे ती. शेवटी भावकू सरच म्हणाले, “सौम्या, अंगणच वाकडं हाय गं हे. तुझ्या मापाची घे.”

म्हणून ती आणि तिची एक मैत्रीण पुण्याला जाऊन आल्या. पगारातून साठवलेले तिचे तिचे पैसे, तू त्यात डोकं घालू नकोस. मैत्रिणीनं सांगितलं तसं लिहिते. दुकानात तीन बंदुका समोर ठेवल्या. एक निळी, ॲल्युमिनियमची, इतकी झकपक की वरातीत मिरवावी. दुसरी काळी आणि चांगली वजनदार. दुकानदार म्हणत होता, जड बंदूक हातात हलत नाही, मोठे खेळाडू हीच नेतात. तिसरी लाकडी दस्त्याची, साधी, खाली कोपऱ्यात होती.

सौम्यानं काय केलं, एकेक बंदूक खांद्याला लावायची, डोळे मिटायचे आणि तशीच उभी राहायची. चांगला वेळ. दुकानात गिऱ्हाईकं येताहेत, जाताहेत, ही आपली डोळे मिटून. मग डोळे उघडायचे आणि निशाण कुठं आलं ते बघायचं. निळी डावीकडं गेली. जड बंदूक खाली आली. मैत्रीण तिच्या कानाशी लागली, “निळीच घे की गं, कशी दिसतीया बघ.” ती म्हणाली, “दिसाय चांगली हाय, पण डोळं मिटलं की दुसरीकडंच जातीया. अंगानं तिला ओढून आणाय लागतंय.” लाकडी बंदूक लावली, डोळे उघडले, ठिपका जागेवर. पुन्हा केलं, पुन्हा जागेवर. तेव्हा ती हसली. दुकानदारानं निळीचं कौतुक करायचं सोडून दिलं.

मला तिचं ते डोळे मिटून उभं राहणं फार आवडलं. म्हणजे, ऐकून आवडलं.

जेवण वेळेवर घे.

तुझी आई,
जयाबाई


वडगाव
३१ ऑगस्ट

चि. सौरव,

आज गौरी आल्या. हळदीकुंकवाच्या बायका येतील तोवर लिहून घेते.

पत्राला उत्तर म्हणून तुझा एवढाच मेसेज आला, ‘पुण्याला कुठली मैत्रीण?’ बाकी पानभर लिहिलं त्यावर काही नाही. बरं बाबा, ती मैत्रीण म्हणजे मीच. सासू सुनेबरोबर बंदूक घ्यायला गेली हे लिहायला मला कसंसंच वाटलं. निळीच घे म्हणून मागं लागलेली पण मीच. माझा रंगाचा डोळा साडीपुरता बरा आहे म्हणायचा.

पण तू पत्र शेवटपर्यंत वाचलंस, हे मला त्या मेसेजवरून कळलं. आणखी काय पाहिजे?

बंदूक घरी आली म्हणजे काम झालं असं मला वाटलं होतं. कुठलं काय! ते नुसतं कापड होतं, अंगाबरोबर शिवायचं पुढंच होतं. हिंडलग्याच्या बाजूला काजूची फॅक्टरी बंद पडली आहे, तिथल्या शेडमध्ये भावकू सरांनी रेंज केली आहे. अजून टरफलांचा वास येतो. शाळा सुटली की सौम्या तिथं जाते आणि रविवारी डबा घेऊन मीही जाते. रिक्षावाल्यानं एकदा विचारलं, “मावशी, तुमी बी मारतासा काय?” मी व्हय म्हणून टाकलं.

बंदुकीला मागं एक पट्टी असते, ती खांद्यात बसते. वर गालाला टेकायला एक लाकडी गादी असते. दोन्ही खालीवर, पुढंमागं होतात. डोळ्याजवळ एक चकती, तिला सुईच्या नेढ्याएवढं भोक, त्यातून बघायचं. सगळ्याला स्क्रू. दुसरा कुणी असता तर एका बैठकीत सगळे स्क्रू पिळून मोकळा झाला असता. मी तर झालेच असते. सौम्याचा नियम असा की एका दिवशी एकच स्क्रू फिरवायचा. गालाची गादी केसभर वर घेतली की पुरा दिवस ती तशीच ठेवून नेम मारायचा आणि मगच ठरवायचं. मी म्हटलं, “असं केलंस तर दसरा इथंच जाईल.” ती म्हणाली, “दोन स्क्रू एकदम फिरवलं तर कुणामुळं बिघडलं ते कळणार न्हाय, आत्ती. मग उगंच एकाला बोल लावायचा.”

ही गोष्ट बंदुकीला जशी लागू, तशी घरालाही आहे. मी काही जास्त बोलत नाही.

स्क्रू जागेवर बसला की खूण करायची असते. भावकू सर पेन शोधत बसले, हिनं पर्समधून नेलपॉलिश काढलं. लग्नातलं लाल. आता सगळ्या बंदुकीवर लाल ठिपके आहेत.

छऱ्यांचं तर आणखीच. दिसायला सगळे छर्रे सारखे, पण प्रत्येक बंदुकीला वेगळे मानवतात. भावकू सरांनी बंदूक शिकंज्यात आवळली, म्हणजे माणसाचा हात नको मधे. पाच डब्यांतले छर्रे एकाच ठिकाणी मारून बघितले. चार डब्यांनी कागदाची चाळण केली. पाचव्या डब्याचे एकामागून एक एकाच भोकातून गेले. डब्यावर लॉटचा नंबर असतो, त्या लॉटचे सगळे डबे हिनं सांगून ठेवले. ते मात्र मला न सांगता कळलं. आपण साडीला सूत घेताना लॉट बदलला की पदराचा रंग फिरतो, त्यातलंच.

मी पण एक छर्रा मारला. कुठं लागला विचारू नकोस. शेजारच्या मुलीच्या कागदाला लागला आणि भावकू सरांनी तो तिच्या गुणांत धरला नाही.

घरी ती छर्रा न घालता सराव करते. माग चालतो त्या खोलीत भिंतीला ठिपका लावला आहे, त्याच्यावर बंदूक रोखून अर्धा अर्धा तास उभी. माग चालू असला की जमीन थरथरते, म्हणून मी त्या वेळेला आपले दोन्ही माग बंद करायला लागले. सबंध वडगावात खडखडाट आणि आपल्याच घरात शांत. बायाक्का विचारायला आली, लाईट गेली का म्हणून. दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी तिनंच येऊन खटका दाबला आणि माग सुरू केला. म्हणाली, “आत्ती, बेंगळूरला चाचणीत माझ्यासाठी कोण थांबणार हाय? चालू दे.” आणि त्या थरथरीत जाऊन उभी राहिली. मी सुताची कांडी बदलता बदलता बघत होते. पहिले चार दिवस नळीचं टोक हलायचं. आता हलत नाही.

माझ्या पोटची पोर असती तर मी एवढी फुगले नसते, सौरव. पोटच्या पोरीत आपलंही काही असतं. ही सगळी तिची कमाई आहे.

आलेल्या बायका दारात उभ्या आहेत. थांबते.

आई


वडगाव
४ ऑक्टोबर

चि. सौरव,

हे पत्र स्पीड पोस्टनं टाकते आहे, कारण वेळेत पोचायला हवं. आणि जे घडलं ते तुला कळायला हवं.

खंडेनवमीला आपल्या घरी काय करतात ते तुला सांगायला नको. माग पुसायचे, हळदीकुंकू लावायचं, सांध्यासांध्यांत तेल सोडायचं, आणि मग दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. तू लहानपणी सायकल पूजेत ठेवून दोन दिवस रडत बसायचास. या वर्षी मी दोन मागांच्या मधे पाट मांडून बंदूक ठेवली. सौम्यानं हवेचं नळकांडं काढून ठेवलं होतं. तिनं स्वतः झेंडूची माळ घातली. मी मागाला तेल घातलं, कात्रीला घातलं, शिलाई मशीनला घातलं, आणि त्याच हातानं बंदुकीच्या नळीच्या तोंडात चांगलं ओतलं. तिळाचं. सौम्या शेजारी हात जोडून उभी होती, बघत होती.

नंतरचे दोन दिवस तिनं बंदुकीला हात लावला नाही. चाचणी दहा दिवसांवर आली असताना. मी म्हटलं, देव समजून घेईल, घे तू. ती म्हणाली, “आत्ती, मागाला सुट्टी, मग हिला का न्हाय?”

काल रेंजवर गेलो. पहिला छर्रा वर, दुसरा उजवीकडं, तिसरा कागदाच्या कडेला. भावकू सरांनी नळीत बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. “तेल कुणी घातलं हिच्यात?” मी डबा हातात धरून मागंच उभी होते. सौम्या ताबडतोब म्हणाली, “मीच घातलं, सर. चुकलं.”

सर तिला खूप बोलले. हवेच्या बंदुकीच्या नळीत तेल चालत नाही, आत हवेच्या वाटेला उतरलं असतं तर सगळी खोलावी लागली असती, एवढं शिकवून काय उपयोग, वगैरे. ती मान खाली घालून ऐकत होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “सर, तिला बोलू नका. ते मी घातलंय. खंडेनवमीचं.” सरांना हसावं का रडावं कळेना. त्यांच्या गावी कंग्राळीला नांगराला तेल घालतातच की.

मग दोघांनी बसून नळी साफ केली. लोकरीच्या गोळ्या घालून ओढायच्या, पुन्हा नवीन घालायच्या. मग छर्रे मारत राहायचं, नळी आपल्या जागेवर येईपर्यंत. आणलेल्या त्या एका लॉटमधले बरेच त्यातच गेले. सगळे छर्रे एका भोकातून जायला लागले तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

परत येताना रिक्षात मी तिला विचारलं, “तुला ठावं हुतं न्हवं, तेल चालत न्हाय ते? मग हात का धरला न्हाईस माझा?”

ती म्हणाली, “तुमी डोळं मिटून मागत हुतासा, आत्ती. मधी कसं बोलायचं?”

सौरव, मी काय मागत होते ते तुला सांगते. मी पुटपुटत मागते, तुला माहीत आहे, शेजारच्याला सगळं ऐकू जातं. मी मागत होते, माझा सौरव घरी येऊ दे, दोघांचं नीट होऊ दे. तुझं नाव घेत घेत मी तेल ओतत होते. तिनं ते ऐकलं. जिच्यासाठी तिनं दोन महिने पाठ मोडून घेतली ती बंदूक तिच्या डोळ्यांसमोर खराब होत होती आणि तिनं मला थांबवलं नाही, कारण मी मधे थांबले असते तर तुझ्यासाठीचं मागणं अर्धं राहिलं असतं. हे तिनं मला सांगितलेलं नाही. ती सांगणारही नाही. पण मला दुसरं कारण सापडत नाही. तुला सापडलं तर कळव.

मी रिक्षात रडले. तिनं माझा हात धरला होता आणि विषय बदलून शाळेतल्या सहामाही परीक्षेचं बोलत बसली.

आता ऐक. चाचणी रविवारी, बाराला, बेंगळूरला आहे. रेंजचा पत्ता आणि वेळ पानाच्या मागं लिहिली आहे. होसूरहून तास-दीड तासाचा रस्ता. ये असं मी म्हणत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि तो पीळ तू माझ्याकडूनच घेतला आहेस. फक्त पत्ता लिहिला आहे.

आई


वडगाव
१४ ऑक्टोबर

चि. सौरव,

काल संध्याकाळी घरी पोचलो.

आधी निकाल. राज्याच्या शिबिरासाठी बारा जणी घ्यायच्या होत्या. आपली सौम्या नववी आली. नोव्हेंबरात शिबिर सुरू होईल, बेंगळूरलाच, महिनाभर. भावकू सरांना फोन केला तर ते म्हणाले, “आत्याबाईंचं तेल मानवलं म्हणायचं.”

नववी म्हणजे पहिली नव्हे, हे मला कळतं. पण तू तिथं पहिल्या रांगेत बसून बघायला हवं होतंस. साठ छर्रे, दहा दहाच्या सहा सिरीज. मधोमध लागलं तर दहा पूर्णांक नऊ. दोन्ही बाजूला विशीतल्या मुली, अंगावर नवे कोट, मागं आईबाप पाण्याच्या बाटल्या घेऊन. सौम्या त्या सगळ्यांत वयानं मोठी आणि उंचीनं लहान. कानडीत सूचना झाल्या, घंटा झाली. पहिल्या सिरीजला तिचा हात बसेना, नऊच्या घरात दोन-तीन गेले. मी मनात सगळ्या देवांना हाका मारून झाले. तिनं बंदूक खाली ठेवली, डोळे मिटले आणि नुसती उभी राहिली. घड्याळ पळत होतं. मला वाटलं, अगं बाई, वेळ जातोय. तिनं डोळे उघडले, बंदूक घेतली, आणि मग दहा, दहा, दहा. दुसरी सिरीज, तिसरी सिरीज. मला त्या पडद्यावरचे आकडे दिसेनासे झाले, चष्मा भिजला म्हणून.

आणि चौथ्या सिरीजला मी तुला बघितलं.

मागच्या दारात, चपला काढतात तिथं तू उभा होतास. हातात हेल्मेट. वाळला आहेस, गालफडं बसली आहेत. त्या मेसचं जेवण सोड. मी उठले तर माझी खुर्ची फरशीवर खरकन वाजली. सगळे आईबाप माझ्याकडं बघायला लागले. मी तुला हाक मारणार होते, ओठावर आली होती. तेव्हा तू हातानं मला बस म्हणालास. आधी तिच्याकडं बोट केलंस आणि मग बस म्हणालास.

मी बसले. तिच्या नेमाला धक्का लागू नये म्हणून तू स्वतःच्या आईला गप्प केलंस. वकील बघू म्हणणारा माणूस असं करत नसतो, सौरव. मी तुझी आई आहे, मला कुणी काही शिकवू नये.

पाचवी सिरीज झाली, सहावी झाली. मी मधे मधे मान वळवून बघत होते, तू होतास. शेवटचा छर्रा दहा पूर्णांक सहा गेला. टाळ्या झाल्या, ती बंदूक ठेवून कोटाची बटणं काढायला लागली. मी मागं बघितलं तर दार मोकळं होतं. मला इतका राग आला की तिथल्या तिथं होसूरला येऊन तुझ्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. आणि इतकं बरंही वाटलं की काय सांगू. दोन्ही एकदम वाटतात, आई झाल्यावर असंच असतं.

सौम्याला मी काही सांगितलं नाही. शिबिराला होसूरच्या एवढ्या जवळ राहणार आहे, तर तुला कळवायचं का, असं मीच विचारून बघितलं. ती म्हणाली, “मी त्यांस्नी बोलावणार न्हाय, आत्ती. जूनमध्ये मी येते म्हटलं हुतं ते त्यांनी ऐकलंच न्हाय. आता त्यांनी इचारलं तर सांगीन. येणार म्हणूनच सांगीन.”

म्हणजे दार लावलेलं नाही. तिच्या बाजूनं कडी नाही, हे तुझ्या कानावर घालते.

परतीच्या गाडीत आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. मी दशम्या काढल्या. तिनं एक घास घेतला आणि विचारलं, “चौथ्या सिरीजला मागं खुर्ची वाजली. तुमी उठलासा. कोण आलतं?”

मी म्हटलं, “कोण न्हाय गं. पाय अवघडलं हुतं.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग “बरं” म्हणाली आणि खिडकीकडं तोंड केलं. हुबळी येईपर्यंत दशमी तिच्या हातात तशीच होती.

ती लग्न होऊन आल्यापासून मी त्या पोरीशी कधी खोटं बोलले नव्हते. दिवाळी सोमवारी आहे. ये आणि तिला खरं काय ते सांग.

आई